उष्टी सुरी

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर मी झाडांविषयी लिहीन, माश्यांविषयी लिहीन, आणि तेवढंच लिहायचं राहून जाईल. इतकी वर्षं मी तेच करत आलोय. एका बंद खोलीत, आठ-दहा शिकलेल्या माणसांसमोर, माझ्या हातून झालेली चूक मी ठमाबाईंच्या हातावर ढकलली. त्या तिथे नव्हत्या. एक वाक्य पुरलं. त्या वाक्यानं त्यांचं काम गेलं आणि, कामापेक्षा मोठं, त्यांचं नाव गेलं.

संपादकांनी कळवलं होतं, "तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा, यीस्ट म्हणजे काय ते वाचकांना कळू द्या." गमती आहेत. सांगतो. पण मधूनच मी उठून येरझारा घालायला लागलो तर सांभाळून घ्या.

मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत तांत्रिक सहायक आहे. शास्त्रज्ञ नव्हे. शास्त्रज्ञांना लागणारे नमुने रानातून आणायचे, बाटल्यांत वाढवायचे आणि गोठवून जपायचे, हे माझं काम. मी मूळचा मुळशी तालुक्यातल्या माले गावचा. त्यामुळे प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "मुळशीचा आहेस ना? मग तो सगळा डोंगर तुझ्याकडे." आमच्या घरच्यांना मात्र मी नेमकं काय करतो ते अजून सांगता आलेलं नाही. आई पाहुण्यांना सांगायची, "पोरगं झाडांची सालं खरडतंय. सरकार त्याचा पगार देतंय." तिनं काही खोटं सांगितलं नाही.

यीस्ट म्हणजे एका पेशीची बुरशी. पाव फुगतो, ताडी चढते, ती त्याच्यामुळे. लोकांना वाटतं यीस्ट पुडीत जन्मतं. खरं तर ते रानातलं. झाडाच्या सालीच्या भेगेत, फुलाच्या मधात, फुटलेल्या फळावर ते राहतं. कारवीला सात वर्षांनी बहर आला की तिच्या एकेका फुलाच्या तळाशी यीस्टचा आख्खा गाव वसलेला असतो, आणि फूल गळलं की गाव उठतो. यीस्टला पाय नाहीत, पंख नाहीत. गांधीलमाशी एका झाडाचा रस चाटते, पोटातून यीस्ट घेऊन दुसऱ्या झाडावर जाते. आमच्या धंद्यात माशी म्हणजे एस.टी.

माणसानं हजारो वर्षं यीस्ट पाळलं. रानकोंबडा आणि खुराड्यातली कोंबडी यांच्यात जो फरक, तो रानातल्या आणि पाळीव यीस्टमध्ये. रानातलं काटक. उपाशी राहतं, थंडी सोसतं, दिवस वाईट आले की बीजाणू करून पडून राहतं. पाळलेलं हावरट. पिठातली साखर खायची जनुकं त्याच्याकडे जादा असतात, आणि उपाशी राहायची कला ते विसरत चाललेलं असतं. नोकरीसाठी गाव सोडून पुण्याच्या कडेला सूसच्या सोसायटीत राहायला गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही.

आमच्या मॅडम रानातल्या यीस्टच्या मागे होत्या. सह्याद्रीतल्या जुन्या झाडांवर कुठली घराणी राहतात, ती पाळीव घराण्यांपासून कधी वेगळी झाली, हे जनुकं वाचून शोधायचं. त्यासाठी साल हवी. ती घ्यायची रीत सोपी आहे. सुरीचं पातं स्पिरिटनं पुसायचं, लायटरनं जाळायचं, सालीचा नखाएवढा तुकडा काढून बाटलीत टाकायचा. बाटलीत साखरपाणी आणि थोडा मद्यार्क. त्यात बाकीचे जीव गुदमरतात, यीस्ट तरतं. आठ-दहा दिवसांत बाटली गढूळ होते.

हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. त्या बाटलीत बाहेरून पाळीव यीस्टची एखादी पेशी जरी पडली, तरी आठवड्यानं बाटली तिच्याच मालकीची होते. म्हणून नियम होता, रानातली सुरी झाडाशिवाय कशालाही लावायची नाही. तो प्रयोगशाळेच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात लिहिलेला होता.

लोक आमच्याकडे काय काय घेऊन यायचे! हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये असलेला एक तरुण काचेच्या बरणीत आंबवलेलं पीठ घेऊन आला. घरी पाव करायचा छंद. बरणीवर चिकटपट्टी लावून नाव लिहिलेलं, 'भैरू'. म्हणाला, "सर, कासारसाईच्या धरणावर ट्रेकला गेलो होतो, तिथल्या हवेतून पकडलंय. प्युअर मुळशी यीस्ट. सर्टिफिकेट मिळेल का?" मी तपासलं. निघालं दुकानातल्या पुडीचं. पुडी त्याच्याच फडताळात होती. सांगितल्यावर त्याचा चेहरा असा झाला की जणू मुलाच्या जन्माविषयी काही बोललो. मी हसून म्हणालो, "वाईट वाटून घेऊ नका. हे हातातून येतंच. माणसाला कळत नाही."

किती सहज म्हणालो. पुढे हेच वाक्य मी दुसऱ्या कुणाविषयी म्हणालो.

ठमाबाई आमच्या गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या कातकरी वाडीतल्या. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या. आमच्या खाचरात आवणीला, भाताची रोपं लावायला, यायच्या. आई त्यांना 'ठमे' म्हणायची, म्हणून मीही 'ठमे' म्हणायचो. बारा वर्षांचा असतानाही आणि चाळिशीचा झाल्यावरही. त्या मला दत्ताभाऊ म्हणत. आमच्याकडे हे असंच चालत आलेलं, त्यात वावगं काही असेल असं मनातही आलं नव्हतं.

मॅडमच्या कामासाठी वाट दाखवायला मी त्यांना रोजंदारीवर घेतलं. पण त्यांनी वाट दाखवलीच नाही, नाक दाखवलं. ऐनाच्या एका जुन्या झाडाजवळ थांबून म्हणाल्या, "ह्ये रडतंय बग. आंबट वास येतोय." मला काही येत नव्हता. पलीकडे जाऊन पाहिलं तर खोडाला चीर, चिरेतून रस पाझरतोय आणि वर गांधीलमाश्या. दोन हंगामांत त्यांनी दाखवलेल्या झाडांच्या बाटल्या जेवढ्या गढूळ झाल्या, तेवढ्या मी निवडलेल्या झाडांच्या कधी झाल्या नाहीत.

संस्थेनं त्यांना ओळखपत्र दिलं होतं. फोटो, लाल दोरी, वर प्लास्टिक. ते गळ्यात घालून त्या रानात फिरत. त्याआधी वनरक्षक त्यांचा भारा सोडून बघायचा. कार्ड आल्यावर तोच विचारू लागला, "काय मावशी, आज कुठलं झाड?" त्या मला म्हणाल्या होत्या, "भाऊ, आयुष्यात पयल्यांदाच रानात सरळ चालतीया. बाजूला व्हऊन न्हाई."

त्यांची एक पद्धत होती. झाडाला हात लावायच्या आधी त्या राखेनं हात घासत. राखेची पुरचुंडी कनवटीला असायची. खाल्ल्यावर तर नक्कीच. उष्ट्या हातानं झाडाला शिवायचं नाही, झाडाला विटाळ होतो आणि मग ते देत नाही, असं त्यांच्याकडे मानतात. मी गालात हसायचो. माझ्याकडे स्पिरिट होतं ना.

चूक झाली त्या दिवशी सकाळी मी वाटेत पौडला शब्बीरभाईंच्या बेकरीत थांबलो होतो. ते ओळखीचे. आठवडाभर त्यांचा पाव फुगत नव्हता. "साहेब, पीठ नुसतं बसून राहतंय, रुसलेल्या जावयासारखं. तुम्ही यीस्टचे डॉक्टर, बघा ना." फ्रिजमध्ये ओल्या यीस्टची साबणाच्या वडीसारखी लादी होती. ती आतून बघायला मी खिशातली सुरी काढली आणि लादी मधोमध कापली. कडा तपकिरी, मऊ. वीज जाऊन-येऊन लादी अर्धी मेली होती. शब्बीरभाईंना कारण सांगितलं, ते खूश झाले. सुरी पुसायला त्यांनी कागद दिला. मी पुसली, मिटली, खिशात टाकली.

कोणती सुरी, ते सांगायला नको.

वर ऐनापाशी पोचलो तेव्हा दुपार होत आली होती. स्पिरिटची बाटली पिशवीत आडवी होऊन सांडलेली. लायटर वाऱ्यात पेटेना. मी सुरी उघडली. ठमाबाई चार हात लांब उभ्या होत्या.

"दत्ताभाऊ, सुरीला बेकरीचा वास येतोय."

"तुझं नाक म्हणजे कुत्र्याचं नाक, ठमे."

"हसू नगंस. सुरी उष्टी हाय. झाडाला नगं लावू. उद्या येऊ."

उद्या यायचं म्हणजे पुन्हा जीप, पुन्हा दोन तासांची चढण. मी सदऱ्याच्या टोकानं पातं पुसलं आणि साल कापली. नमुना एकेचाळीस.

एकेचाळीस नंबरची बाटली तिसऱ्याच दिवशी गढूळ झाली. इतक्या लवकर कधी होत नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण आत निघालं ते थेट पाव-दारूच्या यीस्टच्या जातीचं, जी जात रानात सापडावी म्हणून मॅडम झुरत होत्या. पेढे वाटले गेले. मी दोन खाल्ले.

तेव्हा अख्खा जनुकसंच वाचायची आमची ऐपत नव्हती. काही तुकडे वाचून अंदाज बांधायचो. तुकडे आले आणि बैठक बसली. दुसऱ्या मजल्यावरची खोली, लांब टेबल, खुर्च्या. मॅडमनी कागद पुढे सरकवला. "हे रानातलं नाही. माणसानं पाळलेलं आहे. पाव की दारू, एवढ्यावरून सांगता येत नाही. दत्ता, हे झाडावर कसं आलं?"

"माहीत नाही, मॅडम."

"सुरी जाळली होती?"

"हो."

हे पहिलं खोटं. पहिल्या खोट्यानंतर दुसरं आपोआप येतं, त्याला बोलवावं लागत नाही. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी म्हणालो, "बरोबर ती कातकरी बाई असते. त्यांच्या वाडीत गुळाची दारू लावतात. तिच्या हाताला असणार."

कुणीतरी मान हलवली. कुणीतरी "शक्य आहे" म्हणालं. मला भीती होती की कुणी विचारील, बाईंनी नमुन्याला हात लावला होता का? वाडीत दारू कोण लावतं, तू पाहिलंस का? एकानंही विचारलं नाही. झाडाच्या एका तुकड्यावर दहा शंका काढणारी माणसं ती. ठमाबाईंवर कुणाला एक शंका काढावीशी वाटली नाही. माझं वाक्य त्यांना आधीच पाठ होतं. मी फक्त मोठ्यानं म्हटलं.

अहवालात ओळ आली, 'स्थानिक मदतनिसाकडून दूषित'. यापुढे वाडीतलं कुणी घ्यायचं नाही असं ठरलं. एकेचाळीस नंबर वेगळा ठेवून त्या हंगामातले बाकीचे सगळे नमुने एका खोक्यात भरून गोठवणीच्या यंत्रात मागे टाकले. खोक्यावर 'संशयित' असं मीच लिहिलं. आणि ओळखपत्र परत आणायलाही मीच गेलो.

"प्रोजेक्ट संपला, ठमे. कार्ड दे."

त्यांनी खिळ्यावरचं कार्ड काढलं, पदरानं पुसलं. "प्रोजेक्ट संपला? झाडं संपली व्हय?"

मी हात तसाच पुढे धरला. त्यांनी दोरी नीट गुंडाळून कार्ड माझ्या हातात ठेवलं.

कामावरून काढल्याचं कारण लपायचं कुठे? आमच्या जीपचा ड्रायव्हर सुभाष बैठकीच्या दिवशी चहा द्यायला आत आला होता. त्यानं ते मालेच्या फाट्यावरच्या टपरीवर सांगितलं. दारूच्या हातामुळे ठमीला काढली, एवढंच गावभर झालं. वनरक्षकानं पुन्हा भारा सोडायला सुरुवात केली, आणि आता तो लाकूड नाही, बाटली शोधत होता. वाडीत दारू लावणारं एक घर होतं, नाही असं नाही. पण ते ठमाबाईंचं नव्हतं. हे मी नंतर विचारलं. आधी विचारायला पाहिजे होतं.

त्या उन्हाळ्यात पौडच्या बाजारात त्या करवंदं विकताना दिसल्या. पानाचे द्रोण ओळीनं मांडलेले. मी नकळत वाकलो, हात पुढे केला.

"सायेब, घेऊ नगा," त्या म्हणाल्या. "हाताला दारू हाय."

शेजारच्या भाजीवाल्या बाया हसल्या. ठमाबाई हसल्या नाहीत. दत्ताभाऊचा सायेब झाला होता. मी तसाच निघालो, गाडीपाशी पोचलो, परत फिरलो, परत गाडीपाशी आलो. करवंदं त्यानंतर मी खाल्लेली नाहीत. ही काही शिक्षा नव्हे. घशाखाली उतरत नाहीत, इतकंच.

वर्षं गेली. जनुकं वाचणं स्वस्त झालं. नेहा नावाची विद्यार्थिनी आली आणि तिनं जुने नमुने पुन्हा वाचायला घेतले. एकेचाळीस नंबरची कुपी वेगळी ठेवलेली होती, म्हणून ती सापडली. एका सकाळी ती संगणकावरून वळून म्हणाली, "सर, हे दारूवालं नाहीच. प्रत्येक गुणसूत्राच्या चार-चार प्रती आहेत, आणि नातं थेट बेकरीच्या लादीशी. तुमच्या त्या गाइड मावशी बेकरीत कामाला होत्या का?"

निरागस प्रश्न. मी "बघतो" म्हणालो आणि खाली जाऊन स्कूटरवर बसलो. किल्ली न लावता.

यीस्ट खोटं बोलत नाही, असं मी शाळेची मुलं प्रयोगशाळा बघायला आली की गमतीनं म्हणतो. ज्या हातातून ते आलं त्याचा पत्ता ते पोटात घेऊन फिरतं. माझा पत्ता ते इतकी वर्षं उणे ऐंशी अंशांत जपून बसलं होतं.

नेहानं त्या हंगामातले बाकीचे नमुने मागितले. खोकं नव्हतं. मध्ये गोठवणीचं यंत्र बिघडलं तेव्हा जागा कमी पडली, आणि 'संशयित' लिहिलेलं खोकं आधी बाहेर काढलं गेलं. साहजिक आहे. त्यात ठमाबाईंच्या नाकानं शोधलेली सगळी झाडं होती. त्यांत रानातलं एखादं जुनं घराणं होतं की नव्हतं, हे आता कुणालाच कधी कळणार नाही. ऐनाकडे मी नंतर जाऊन आलो. चीर बुजली आहे. रस नाही, माश्या नाहीत.

मग मी वाडीवर गेलो. साडी घेऊन. माझी अक्कल तेवढीच. ठमाबाई अंगणात शिकेकाईच्या शेंगा निवडत होत्या. केस पिकले होते. पिशवीकडे बघून म्हणाल्या, "साडी कशाची? कुनाचं बारसं हाय?"

मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. बेकरी, लादी, सुरी, खोली. त्यांचे हात थांबले नाहीत.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "म्या तवाच बोल्ले व्हते, सुरी उष्टी हाय."

"माफ कर, ठमे."

"हितं?" त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "हितं माफी मागून काय उपेग? हितली मानसं मला वळखत्यात. हितं कुनी न्हाई म्हनलं माझ्या हाताला दारू हाय. जितं बोल्लास तितं बोल. खुर्च्या व्हत्या ना तितं? एका खुर्चीत मी बसते. मंग बोल."

मी साडीची पिशवी खाली ठेवली.

"आन् साडी घिऊन जा. न्हाईतर तुजी बायकू इचारंल, कुनाला दिली."

मी लगेच गेलो असेन असं वाटतं ना? नाही गेलो. अख्खा पावसाळा काढला. नोकरीची काही वर्षं उरली आहेत, मॅडमचं नाव खराब होईल, आता कुणाला आठवतंय, अशी कारणं मी रोज एकेक करून तयार करायचो आणि रोज ती नासायची. जेवताना उठायचो. बायको म्हणाली, "तुम्हाला खुर्ची चावते का?" तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "ती साडी कपाटात ठेवू नका. मला दिसते."

शेवटी मॅडमच्या खोलीत गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दत्ता, तू खोटं बोललास. पण मी तरी कुठे पुरावा मागितला? दुसरं काही म्हणाला असतास तर मागितला असता." मग म्हणाल्या, "लेखी दुरुस्ती देऊ. अहवालाला जोडू."

"लेखी त्या वाचणार नाहीत, मॅडम. त्यांनी बैठक सांगितली आहे."

बैठक ठरली. तीच खोली. जुन्यांपैकी जे अजून संस्थेत आहेत ते सगळे, शिवाय नेहा आणि नवी मुलं. सुभाषला मी आत बसायला सांगितलं, चहा द्यायला नव्हे. ठमाबाईंना आणायला त्याचीच जीप गेली, मी बरोबर होतो. वाटेत मी ओळखपत्र पुढे केलं. माझ्या खणात होतं, इतकी वर्षं. त्यांनी फोटोकडे पाहिलं. "ही बया लई तरनी हाय," म्हणाल्या. हात लावला नाही. "आदी बोल. मंग बघू."

दुसऱ्या मजल्यावर जाताना आमच्या प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. तिथे कायम आंबलेल्या पिठाचा वास असतो, आम्हाला तो कधीच येत नाही. ठमाबाई दारात थांबल्या. नाक वर केलं.

"व्हय," म्हणाल्या. "ह्योच त्यो वास."

खोलीत त्या लांब टेबलाच्या मधल्या खुर्चीत बसल्या, मॅडमच्या शेजारी. पदर सावरला, दोन्ही हात टेबलावर ठेवले. तळवे वर, सगळ्यांना दिसतील असे. राखेनं घासलेले होते. मी लिहून आणलेला कागद खिशातच राहिला. जे बोललो ते असं होतं.

"एकेचाळीस नंबरचा नमुना मी बिघडवला. सुरी माझी होती. त्या सकाळी मी तिनं बेकरीतली लादी कापली होती. ती मी जाळली नव्हती, आणि जाळली म्हणून इथे खोटं सांगितलं. झाडापाशी ठमाबाईंनी मला थांबवलं होतं. सुरी उष्टी आहे, उद्या येऊ, असं त्या म्हणाल्या होत्या. मी हसलो. त्यांनी त्या नमुन्याला हातसुद्धा लावला नव्हता. नंतर या खोलीत मी त्यांच्या हाताचं नाव घेतलं, कारण ते तुम्ही लगेच मानाल हे मला माहीत होतं. ठमाबाई, तुमचा हात स्वच्छ होता. घाण माझ्या हाताला होती. माझं चुकलं. मला माफ करा."